तीनची सावली

ते सावलीचे पैसे घेत नव्हते. कधीच नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण मला गोष्ट रंगवायची सवय आहे, आणि रंगवण्याच्या भरात नेमकं हेच वाक्य पुन्हा राहून जाईल.

दिग्रसला आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, तोंडाशी, पुसदच्या रस्त्याला लागून, एक मोठा करंज आहे. त्याच्या बुंध्याशी काही नाही. बाक आहे तो पूर्वेला, झाडापासून बराच दूर, अगदी रस्त्याच्या कडेला. नव्या माणसाला वाटतं, बाक टाकणाऱ्याचा अंदाज चुकला. गावात त्याला 'तिकिटाचं झाड' म्हणतात. कुणालाही विचारा, तो हसत सांगेल: इथं एक येडा कंट्रोलर राहायचा, सावलीत बसायचे पैसे घ्यायचा, मोठ्याला फुल आणि लहानाला हाफ. सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्यांना पाहिलेलंही नाही. पाहायची गरज पडली नाही, कारण गोष्ट चांगली बसवलेली होती. ती मी बसवली होती.

ते एसटीत होते. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारणारा माणूस. आमच्यासमोरच त्यांचा प्लॉट. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, म्हणून मी 'सर' आणि ते 'कंट्रोलर साहेब'. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. शरीरानं वाळलेले, खाकी पॅन्ट निवृत्तीनंतरही सुटली नाही, आणि आवाज मात्र भोंग्याचा. घरातून बायकोला चहा सांगितला तरी आम्हाला वाटायचं, यवतमाळ गाडी लागली.

लेआउटमध्ये घरं उभी राहिली तेव्हा रस्त्याच्या कडेनं झाडं लावायचं ठरलं. माझ्याच अंगणात बैठक झाली. सगळ्यांना देखणी झाडं हवी होती. कुणी गुलमोहर म्हणालं, कुणी उंच अशोक. एका डॉक्टरांनी नागपुरात बॉटल पाम पाहिले होते, त्यांना तेच पाहिजे होते. कंट्रोलर साहेब शेवटच्या खुर्चीवर गप्प बसले होते. त्यांना विचारलं, "तुमचं काय मत?"

"अशोकाची सावली अशोकापुरतीच राह्यते," ते म्हणाले. "बॉटल पाम म्हणजे विजेचा खांबच. फक्त करंट नाही."

लोक हसले.

"आणि गुलमोहर?" डॉक्टरांनी मुद्दाम छेडलं.

"गुलमोहर म्हणजे वरातीची गाडी. सजवलेली दिसते, पण आपल्याले बसू देत नाही. एप्रिलात पाहा तुम्ही त्याले, एक पान नसते अंगावर. उन्हाळ्यात जे झाड उघडं, त्याच्याखाली माणसानं कायले जावं?"

"मग लावायचं काय?"

"करंज. साधी लाल गाडी. दिसाले काही नाही, पण सुटते. नाही तं कडुनिंब, मुक्कामी गाडी. जागा असन तं वड लावा, वड म्हणजे डेपोच."

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. त्यांनी हे हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांना दुसरी भाषाच नव्हती. जन्मभर जे पुकारलं त्याच शब्दांत ते झाडं पाहत होते. पण मला ती वाक्यं हाताशी आयती मिळाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी ती त्यांच्या आवाजात म्हणून दाखवली, आणि त्या दिवसापासून माझं हे दुकान सुरू झालं.

बैठकीत गुलमोहर आणि अशोक ठरले. साहेबांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "कोपऱ्याची जागा मले द्या."

त्या मे महिन्यात ते रोज दुपारी एक लांब बांबू घेऊन कोपऱ्यावर यायचे. बांबूच्या टोकाला सूप आडवं बांधलेलं. बांबू जमिनीत खोचायचा, सुपाची सावली कुठं पडते पाहायची, बांबू उपटायचा, थोडा सरकवून पुन्हा खोचायचा. डोक्याला टॉवेल बांधून तासभर हेच. मी खिडकीतून पाहिलं आणि घरात आलेल्या पाहुण्यांना म्हटलं, "आमचे कंट्रोलर साहेब ऊन पाखडतात." हे वाक्य गावात फार चाललं. आजही कुणी भर उन्हात बिनकामाचा हिंडताना दिसला की दिग्रसात म्हणतात, ऊन पाखडून राह्यला. आपलं एखादं वाक्य गावाच्या तोंडी बसावं, असं कोणत्या मराठीच्या मास्तराला वाटत नाही?

ते काय करत होते, ते मी विचारलं नाही. पुढं कळलं. त्या कोपऱ्यावर बाजार करून परतणाऱ्या खेड्यांवरच्या बाया काळीपिवळीची वाट पाहत उभ्या राहायच्या. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून स्टँडवरूनच भरून आलेली थांबत नाही, म्हणून वाट लांबत जायची. ही त्यांची वेळ दुपारी तीनची. साहेबांनी आधी त्या बाया जिथं उभ्या राहतात ती जागा धरली, आणि तिथं मे महिन्यात तीन वाजता सावली पाडायची तर झाड कुठं पाहिजे, ते उलटं शोधत गेले. खड्डा निघाला तो पार पश्चिमेला, त्यांच्या स्वतःच्या फाटकापासून दूर, मोकळ्या प्लॉटच्या कडेला. लोक म्हणाले, बुवा, दुसऱ्याच्या दारात झाड लावून राह्यला. ते म्हणाले, "झाड कुठं का असेना. सावली कुठं उतरते ते पाहा."

त्या महिन्याच्या उत्तरार्धातच एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली पायातच मावते. त्या दिवशी त्यांना मी रस्त्याच्या मधोमध बांबूशेजारी उभं पाहिलं. मी बँकेतून परतत होतो. म्हटलं, "काय साहेब, आज काय?"

"आज सगळ्या सावल्या डेपोत," ते म्हणाले. मग खाली स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले. "एरवी माणूस एकटा राह्यला तरी हे एक सोबत चालते. आज तेही नाही."

त्यांची बायको त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती. पदरी एकच मुलगी, तेव्हा फार लहान. मला हे माहीत होतं. तरी मी 'सावल्या डेपोत' एवढंच उचललं. पुढचं वाक्य मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यावर कुणी हसलं नसतं.

झाडं त्यांना सगळीच कळत होती असं मुळीच नाही. करंज बारमाही हिरवा असतो, अशी त्यांची खात्री होती. झाड वयात आलं तसं दर वर्षी होळीच्या सुमारास त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, नवी पालवी यायला थोडे दिवस लागायचे, आणि तेवढे दिवस साहेब गाडी रद्द झाल्यासारखे ओशाळे होऊन फिरायचे. मग त्यांनी बारदाना आणून फांद्यांना बांधायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाले, "जादा गाडी सोडली, सर." मी लोकांना सांगितलं, त्यांनी झाडाला धोतर नेसवलं.

आता तिकिटाचं.

ते निवृत्त झाले तोवर करंज चांगला पसरला होता. फंडाच्या पैशातून त्यांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे सिमेंटचा बाक ओतून घेतला. शेजारी पाण्याचा रांजण मांडला, त्यावर झाकण, साखळीनं बांधलेला पेला. त्या उन्हाळ्यात मी दुपारी कॉलेजातून येत होतो. गुलमोहर लाल पेटले होते, पण रस्त्यावर पाय ठेवायला सावली नव्हती. कोपऱ्यावरून भोंगा आला, "या ना सर! तीनची लागली!"

मी गेलो. खरोखर त्या बाकावर, तेवढ्याच लांबीरुंदीची म्हणावी अशी, दाट सावली येऊन बसली होती. खाली करंजाची फुलं लाह्या सांडल्यासारखी पसरली होती. मी बसलो तसे ते लगबगीनं घरात गेले आणि एक गंजका पत्र्याचा ट्रे घेऊन आले. कंडक्टरचा, जुना. त्यात कधीकाळच्या रद्द झालेल्या तिकिटांचा एक गठ्ठा होता. त्यांनी एक तिकीट फाडलं, चिमट्यानं टचकन टोचलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"पह्यले पॅसेंजर तुम्ही," ते म्हणाले, आणि हसले.

मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. वरचे दोन दात नव्हते. हसताना तोंडावर हात नेला त्यांनी, लहान मुलासारखा.

मग आम्ही बराच वेळ बसलो. एकदा ते म्हणाले, "आयुष्यभर लोकाईले उन्हात उभं ठेवलं मी. गाडी लेट आहे, गाडी लेट आहे, करून. माह्या डोक्यावर पंखा फिरे अन् खिडकीतून मले दिसे, बाया लेकरं घेऊन भिंतीच्या कडेकडेनं सरकून राह्यल्या. भिंतीले सावलीच नसे त्या टायमाले. गाडी लेट असे तं माही काय चूक? पण पुकारणारा तं मीच होतो ना, सर."

मी 'हं' म्हटलं.

ऊन कललं, सावली बाकावरून उतरून रस्त्यापलीकडे निघाली आणि किरणं पानांखालून तोंडावर आली, तेव्हा ते उठले. "उतरा," म्हणाले. "सुटली गाडी."

त्याच आठवड्यात लेआउटमध्ये लग्न होतं. मांडवात जेवणाआधी माणसं रेंगाळली होती आणि कुणीतरी म्हणालं, सर, काही तरी सांगा ना तुमच्या कंट्रोलरचं. मी सांगितलं. साहेब आता सावलीचं तिकीट फाडतात. मोठ्याला फुल, पोराला हाफ, पिशवी असेल तर लगेज वेगळं. पंचावन्नच्या वर प्रवासी झाले की उभं राहावं लागतं. सावली सरकली की 'उतरा' म्हणून हाकलून देतात, पुढं बसायचं तर नवीन तिकीट. मी त्यांचा आवाज काढला, चिमट्याचा टचकन आवाज काढला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक जण म्हणाला, "सर, तुमी तं मारूनच टाकता!"

तिकीट मी मांडवात दाखवलं, हातोहात फिरलं, आणि कुठं गेलं ते मी पाहिलं नाही.

पोरं सायकलवरून जाताना ओरडू लागली, "एक फुल, दोन हाफ!" ते ऐकून मीही हसलो. पण पुढं जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. गोष्ट लेआउटमधून बाजारात गेली आणि बाजारातून खेड्यांवर, आणि वाटेत तिच्यातला विनोद गळून गेला. उरली ती नुसती खबर. खेड्यांवरच्या बायांनी ऐकलं, तिथं पैसे पडतात. त्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात, पदर डोक्यावर ओढून उभ्या राहू लागल्या. समोर बाक रिकामा, सावली भरलेली, रांजण गच्च. आणि बाकाच्या टोकाला एकटे साहेब.

ते हाका मारायचे. "या ना बाई, बसा ना!" तो भोंग्याचा आवाज ऐकून बाया आणखी लांब सरकायच्या.

एकदा ते माझ्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. "सर, तुमी लोकाईत बसता. मी पैसे घेतो म्हणून कोणं सांगतलं असन?"

मी फाटकाच्या आत होतो. म्हणालो, "लोकांचं काय साहेब, काहीही बोलतात."

"खरं आहे," ते म्हणाले. मग गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकाच्या पाठीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'बसा. पैसे नाही.' आणि तिथं घात पूर्ण झाला. लोक म्हणू लागले, पैसे नाही म्हणून लिहिलं म्हणजे आधी घेतच असन. कुणी म्हणे, आता बंद केले, तक्रार झाली वाटते. त्या पाटीनं माझ्या गोष्टीला जणू सरकारी शिक्का मिळाला.

त्यांना खरं माहीत होतं का? मी या प्रश्नाभोवती फार फिरलो आहे. तिकीट त्यांनी एकालाच दिलं होतं. पुकारायला बसलेल्या माणसाला कोण कुठून आलं एवढं तर समजतंच. पण त्यानंतरही, रोज दुपारी मी दिसलो की त्यांची हाक यायची, "सर! तीनची लागली!" आणि मी हातातली पिशवी किंवा पेपरांचा गठ्ठा उंच करून दाखवायचो, काम आहे. किती उन्हाळे असं चाललं, ते मोजायचं धाडस मला होत नाही. शेवटी मी वळसा घालून मागच्या गल्लीनं घरी येऊ लागलो.

ते तीन-चार दिवसांच्या तापानं गेले. मुलगी नागपूरला नोकरीला होती, ती पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. लेआउटच्या मंदिरात शोकसभा झाली. लोक म्हणाले, सर, तुम्हीच बोला, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं. मी उभा राहिलो. झाडांवरचं प्रेम, साधेपणा, असं दोन मिनिटं बोललो. समोर चेहरे निर्जीव दिसत होते. आणि वर्गात, सभेत, मांडवात जन्म काढलेल्या माणसाला समोरचे चेहरे निर्जीव सोसत नाहीत. मी तिकिटाची गोष्ट सांगितली. हलक्या हातानं, आदरानं वगैरे. लोक हसले. वातावरण मोकळं झालं, असं नंतर मला दोघा-तिघांनी सांगितलं.

बाहेर चपला घालताना मुलगी जवळ आली. "काका, मी कॉलेजात होती तेव्हा पोरं मले हाफ तिकीट म्हणत. तुमच्या वर्गात पण."

"पोरंच ती," मी म्हणालो.

"मी त्या बाकावर कधी बसली नाही. बाबा बलावत. मले लाज वाटे, लोक पाह्यतील म्हणून." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणानं, "कायले घेत असतील हो ते पैसे? आम्हाले काही कमी नव्हतं."

तेव्हा सांगायचं होतं. लोक आजूबाजूला होते, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला दिलं. ते कारण नव्हतं. माझी सगळ्यात चांगली गोष्ट माझ्याच हातानं मोडायची होती, ते जमलं नाही.

साहेबांचं घर विकलं गेलं. आमचे गुलमोहर दोन वादळांत आडवे झाले. अशोक वाढून तारांना लागले, म्हणून त्यांचे शेंडे दर पावसाळ्याआधी छाटतात. करंज आहे. माझी पत्नी गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं, आणि मागच्या उन्हाळ्यात एक दिवस मी काठी घेऊन त्या बाकावर जाऊन बसलो. तीनला सावली आली. कुणीही पुकारलं नाही.

या वर्षी मी मुलीचा नंबर मिळवून तिला फोन केला. सगळं सांगितलं, फाटकाशी ते आले होते तेही. मागं तिच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता.

"काका, आता कायले सांगता?" ती म्हणाली.

मग तिनं एकच विचारलं. "तिकीट देताना ते खरंच हसले होते?"

"हो."

"कसे?"

"तोंडावर हात घेऊन."

"मी नाही पाह्यलं कधी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा केला, तिनं उचलला नाही. तिचं बरोबर आहे.

आता मी रोज तीनला तिथं असतो. रांजण नवा आणला. बाकाच्या पाठीवरची अक्षरं पुसट झाली होती, त्यावर ब्रश फिरवावा असं मनात आलं, पण त्या पाटीनं काय केलं होतं ते आठवून तशीच राहू दिली. परवा एक बाई रस्त्यापलीकडे उन्हात उभी होती. हातात बाजाराची पिशवी, कडेवर नातू. मी हाक मारली. माझा आवाज म्हातारा, पोहोचला नाही. हातानं बोलावलं. ती रस्ता ओलांडून आली, पण बसली नाही. बाकाकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं.

"बसाचे किती घेता, बाबा?"

"काही नाही लागत. बसा."

"लागते म्हणतात ना इथं. लेकराचं हाफ."

"नाही हो. कधीच लागत नव्हतं."

"सारेच तं सांगतात."

"ते मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "खोटं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. त्या बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे लोक कसं पाहायचे, ते मी समोरच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिनं पिशवी जवळ ओढली, नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी काठावर टेकली. पोरानं रांजणाकडे बोट दाखवलं, तिनं पेला भरून त्याला पाजला, उरलेलं पाणी स्वतः प्याली. काळीपिवळी काही आली नाही. सावली होती तोवर ती बसून राहिली.